उपदेशाचा अधिकार

दिवाळीच्या फराळाबरोबर घरातल्या सगळ्यांनी वाचावयाच्या अंकात दारूचा विषय काढणे काही वाचकांना रुचणार नाही, याची मला कल्पना आहे. पण ज्या घरांत हा विषय आहे त्या घरांत तो दिवाळीलाही असतोच. पाडव्याला ओवाळताना पाटावर बसलेला माणूस शुद्धीवर आहे की नाही, हे जिला निरांजन हाती धरून आधी पाहावे लागते, तिला दिवाळी इतर दिवसांहून जडच जाते. शिवाय मला दारूवर लिहावयाचे नाही. दारूचे दुष्परिणाम सांगणारे लेख आपल्याकडे शंभराहून अधिक वर्षे लिहिले जात आहेत आणि दारूही तेवढीच वर्षे खपते आहे. मला लिहावयाचे आहे ते उपदेशावर. तो करण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न गेली तीन वर्षे माझ्या मनातून हटलेला नाही.

उपदेश हा तसा माझा पोटाचा धंदा. मी शाळामास्तर, दिवसा वर्गात गोष्टी सांगतो आणि उरल्या वेळात कादंबऱ्या लिहितो, म्हणजे तिथेही गोष्टीच सांगतो. गूळ खाणाऱ्या मुलाची गोष्ट तर दर वर्षी पाचवीला सांगतो. आई मुलाला साधूकडे नेते आणि म्हणते, महाराज, ह्याला गूळ खाऊ नको म्हणून सांगा. साधू म्हणतो, आठ दिवसांनी या. आठ दिवसांनी तो मुलाला 'बाळ, गूळ खाऊ नकोस' एवढेच सांगतो. आई विचारते, हे तेव्हाच का नाही सांगितलेत? साधू म्हणतो, तेव्हा मीही गूळ खात होतो. गोष्ट चांगली आहे, मुलांना आवडते. तिचे तात्पर्य आपण असे काढतो की, ज्याने स्वतः सोडले त्यालाच दुसऱ्याला सोड म्हणण्याचा अधिकार. परंतु साधू आपली ही हकीगत सांगतो ती आईला, मुलाला नाही. मुलापुढे तो निर्मळ साधू म्हणूनच उभा राहतो. त्या आठ दिवसांत आपल्याला गूळ किती आठवला, रात्री उठून आपण डब्यापर्यंत कसे गेलो आणि कसे परत फिरलो, हे त्याने त्या पोराला सांगितले असते तर?

माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, आम्ही त्यांना दाजी म्हणतो, तेरा वर्षे पीत होते. (हे मी दाजींना आणि अक्काला विचारून लिहितो आहे. नावगाव सांगत नाही, त्याचे कारण पुढे येईलच.) राहणे मुंबईच्या एका उपनगरात, नोकरी सरकारी कचेरीत, माणूस हिशेबाला पक्का आणि पेटी फार गोड वाजवणारा. आता आपल्या घरांत जावयाला उपदेश कोणी करायचा? सासऱ्याने करायचा नाही, त्याने मुलगी दिलेली. मेहुण्याने तर नाहीच. त्यातून मी त्यांच्याहून नऊ वर्षांनी लहान. तेव्हा तो केला ज्यांना अधिकार होता त्यांनी: त्यांच्या चुलत्यांनी, कचेरीतल्या साहेबांनी, दोन डॉक्टरांनी आणि गावाकडच्या एका कीर्तनकारांनी. दाजी सगळ्यांचे ऐकत. मान खाली घालून ऐकत, पटले म्हणत, आणि मला वाटते त्यांना ते खरोखरच पटत असे. पिणाऱ्या माणसाला दारू वाईट हे कळत नाही, अशी आपली एक समजूत आहे. ते त्याच्याइतके कोणालाच कळत नसते. एका आषाढात त्यांनी आळंदीला जाऊन तुळशीची माळ घातली. माळ घातली आणि दारू सुटली अशी माणसे आपल्याकडे गावोगाव आहेत, त्या मार्गाला नावे ठेवण्याचा माझा मुळीच हेतू नाही. दाजींनी चातुर्मास निभावला. पुढे एका संध्याकाळी त्यांनी गळ्यातली माळ काढून देव्हाऱ्यात ठेवली आणि ते बाहेर पडले. माळ गळ्यात असताना पिणार नाही, एवढे मात्र त्यांनी पाळले. अक्का ती माळ अजून देवांबरोबर रोज पुसून ठेवते.

शेवटी इस्पितळ झाले. पुष्कळांना ठाऊक नसते म्हणून सांगतो: रोज भरपूर पिणाऱ्याने दारू एकदम तोडली तर हातपाय थरथरणे, भास होणे, झटके येणे, प्रसंगी जीव जाणे, इथवर पाळी येते. तेव्हा माणसाला घरात कोंडून दारू सोडवण्याचा उपाय कोणी करू नये. तिथे डॉक्टरच हवा. दहा दिवसांनी घरी सोडताना तिथल्या डॉक्टरीणबाईंनी औषधाच्या चिठ्ठीमागे एका शाळेचा पत्ता आणि दोन वार लिहून दिले. म्हणाल्या, "अंगातली दारू आम्ही काढली. पुढचं काम आमचं नाही, या लोकांचं आहे."

ते लोक म्हणजे अल्कोहोलिक्स अनॉनिमस, निनावी मद्यपींचा समुदाय. त्यांच्या बहुतेक सभा फक्त पिणाऱ्यांसाठीच असतात, पण काही नातेवाइकांना व इतरांनाही खुल्या असतात. मला मे महिन्याची सुट्टी होती. अक्का म्हणाली, "तू जा रे एकदा यांच्याबरोबर. एकटे निघाले तर कुठे पोचतील सांगता येत नाही." आम्ही दोघे निघालो आणि शाळेच्या रस्त्यावर येऊन अडलो. पाटी कुठे दिसेना. आता पानवाल्याला काय विचारायचे? दारुड्यांची सभा कुठे भरते म्हणून? दाजी हसून म्हणाले, "मास्तर, तेरा वर्षांत गुत्त्याचा पत्ता विचारताना मला कधी लाज नाही वाटली." शाळेच्या फाटकाशी आम्ही उगीचच दोन फेऱ्या मारल्या. पहारेकऱ्याने आमच्याकडे एकदा पाहिले आणि आम्ही न विचारताच तो म्हणाला, "संध्याकाळवाले ना? मधला जिना, वर जा." वर्षानुवर्षे त्या फाटकाशी तशाच दोन फेऱ्या मारणारी माणसे त्याने पाहिली असणार.

मी आयुष्य वर्गात काढले, पण असा वर्ग पाहिला नव्हता. फळ्यावर सकाळचे अपूर्णांक तसेच होते. मुलांच्या बाकांवर मोठी माणसे गुडघे वर करून बसली होती. कोणाच्या पायांत भारी बूट, कोणाच्या पायांत स्लिपर. भिंतीला दोन कापडी फलक, एकावर बारा पायऱ्या, दुसऱ्यावर बारा परंपरा. टेबलाशी त्या दिवसापुरता एक जण अध्यक्ष. थोडा वेळ शांतता, मग काही वाचन, मग एकेकाने उठायचे, फक्त पहिले नाव सांगायचे, मी अल्कोहोलिक आहे म्हणायचे आणि बोलायचे. वर्गणी नाही. सभासद होण्याची अट एकच, दारू सोडण्याची इच्छा. मध्ये एक पिशवी फिरली. आपल्या खर्चापुरते पैसे ते आपसांतच जमवतात, बाहेरच्याची देणगी घेत नाहीत. तिथे कोण काय बोलले हे मी लिहिणार नाही. त्या खोलीत ऐकलेले त्या खोलीतच ठेवायचे असा दंडक आहे, आणि नावे न सांगण्याचे कारणही तेच.

पण काय बोलले गेले नाही, ते सांगण्यास हरकत नसावी. माणूस बोलत असताना कोणी मध्ये तोंड घातले नाही. बोलून झाल्यावर कोणी 'तुम्ही असे करायला हवे होते' म्हटले नाही. मास्तराचा कान हा तात्पर्याला लावलेला असतो. मी मागच्या बाकावर बसून दर वेळी 'म्हणून' या शब्दाची वाट पाहत होतो आणि तो येत नव्हता. अमुक झाले, अमुक केले, आज प्यालो नाही, धन्यवाद. 'कधीच पिणार नाही' अशी शपथही कोणी घेतली नाही. त्यांची मुदत चोवीस तासांची असते. माळ ही जन्माची असते आणि तुटली की जन्माची तुटते. ही रोज नवी. दीड तासात एकही उपदेश न ऐकता दाजी खाली उतरले आणि म्हणाले, "गुरुवारी पुन्हा आहे." मग पुष्कळ वेळाने, लोकलमध्ये, "मास्तर, मला वाटायचं हे फक्त मलाच होतं."

या रीतीचा उगम मी नंतर वाचला, आणि तो उपदेशाच्या प्रश्नाशी इतका जोडलेला निघाला की थोडा विस्ताराने सांगतो. न्यूयॉर्कचा बिल विल्सन हा शेअरबाजारातला माणूस डिसेंबर १९३४ मध्ये शेवटचा प्याला घेऊन इस्पितळात दाखल झाला आणि थांबला. बरे वाटताच तो इतर दारुड्यांना सुधारण्याच्या मागे लागला. पाच महिने त्याने उपदेश केला; एकही सुधारला नाही. त्याच्या डॉक्टरांनी, सिल्कवर्थ त्यांचे नाव, त्याला सांगितले की, प्रवचन थांबव. मे १९३५ मध्ये तो ओहायोतल्या ॲक्रन गावी धंद्याच्या कामाला गेला आणि ते काम फिसकटले. परका गाव, खिशात फारसे पैसे नाहीत, हॉटेलच्या दिवाणखान्याला लागूनच बार. त्या घटकेला त्याच्या मनात आले की, आपल्याला आता दुसरा दारुडा भेटला नाही तर आपण आत जाणार. त्याने तिथल्या टेलिफोनवरून चर्चमधल्या मंडळींना विचारण्यास सुरुवात केली. अशा रीतीने १२ मे रोजी त्याची गाठ डॉक्टर बॉब स्मिथ यांच्याशी पडली. हे शस्त्रवैद्य होते आणि अट्टल पिणारे. आदल्या दिवशीची उतरलेली नव्हती. पंधरा मिनिटांच्या वर थांबणार नाही असे सांगून ते आले आणि सहा तासांहून अधिक वेळ बसले. त्यांना पुष्कळांनी समजावले होते. हा पहिला माणूस असा होता की, जो त्यांना वाचवायला आला नव्हता, स्वतः वाचायला आला होता.

सगळे मर्म मला इथे दिसते. उपदेश करणारा कितीही प्रेमळ असो, तो वर उभा असतो आणि ऐकणारा खाली. दिलेला हात धरायचा तर आधी आपण खड्ड्यात आहोत हे वर पाहून कबूल करावे लागते, आणि माणसाचा स्वाभिमान, विशेषतः दुसरे सगळे गमावलेल्या माणसाचा, नेमका तिथेच आडवा येतो. ॲक्रनला जो माणूस आला तो गरजू होता. त्याला 'हो' म्हणणे म्हणजे भिक्षा घेणे नव्हते, देणे होते. आमच्याकडे वारीत वारकरी एकमेकांच्या पाया पडतात. कोण आधी वाकला याला तिथे महत्त्व नसते. बुवांच्या पाया पडण्याहून ते निराळे आहे.

पुढचे थोडक्यात. डॉक्टर बॉब त्या भेटीनंतर एकदा घसरले आणि मग थांबले ते कायमचे. १० जून १९३५ हा त्यांचा थांबण्याचा दिवस संस्थेचा जन्मदिन मानतात. १९३९ मध्ये त्यांचा ग्रंथ निघाला, १९५७ मध्ये मुंबईत सभा सुरू झाल्या. पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये 'मुक्तांगण' काढले. तिथे डॉक्टर आहेत, औषधे आहेत, पण बरे झालेले रुग्णच पुढे कार्यकर्ते झाले, ही त्या संस्थेची खरी ताकद. २०२० मध्ये २७ अभ्यासांचा, १०,५६५ माणसांचा एक आढावा प्रसिद्ध झाला. दारू पूर्ण वर्ज्य करण्याच्या बाबतीत या सभांकडे पद्धतशीर नेणारे उपचार इतर रूढ उपचारांपेक्षा सरस ठरले. तरी सगळ्यांना त्या मानवतात असे नाही. देवाचा उल्लेख वारंवार येतो म्हणून काही लोक उठून जातात. त्यांनी दुसरा मार्ग शोधावा, त्यात कमीपणा नाही. आणि गंमत अशी की, दारूबंदी असावी की नसावी यावर ही मंडळी चकार शब्द काढत नाहीत. बाहेरच्या वादात पडायचे नाही, असा त्यांचा नियमच आहे. ज्या राज्यात १९४९ पासून दारूबंदीचा कायदाही आहे आणि दुकानेही आहेत, तिथे हे मौन मला शहाणपणाचे वाटते.

एक आक्षेप मात्र गंभीर आहे आणि तो माझ्या एका विद्वान स्नेह्यांनी घेतला. ते म्हणाले, "पहिल्याच पायरीवर हे लोक आपण दारूपुढे हतबल आहोत असे कबूल करतात. गीता सहाव्या अध्यायात सांगते की, आपणच आपला उद्धार करावा. मग ही हतबलता म्हणजे जबाबदारीतून पळ नव्हे काय? आजार म्हटले की अपराध संपला!" मी त्यांना आठवी आणि नववी पायरी दाखवली. आठवीत, ज्यांना ज्यांना आपण दुखावले त्यांची यादी करायची. नववीत, जाऊन त्याची भरपाई करायची. त्या भेटीने त्या माणसाला किंवा दुसऱ्या कोणाला नव्याने इजा होणार असेल तर तेवढी सोडून. ज्याला जबाबदारी टाळायची आहे तो अशी यादी कशाला करील? पहिला प्याला घेतल्यावर दुसरा आपल्या हाती उरत नाही, एवढीच ती हतबलता आहे. पहिल्याची जबाबदारी पुरतीच त्याची. स्नेह्यांना हे पूर्ण पटले नाही, पण ते गप्प बसले. त्यांच्यासारख्यांच्या बाबतीत तेवढे पुष्कळ झाले!

आता मी त्या प्रश्नाशी येतो, ज्याचे मला अजून पुरते उत्तर देता आलेले नाही. तो अक्काने विचारला. दाजी सभांना नियमाने जाऊ लागले होते, चार महिने झाले होते, घरात पेटी पुन्हा वाजू लागली होती. मी आनंदाने काही बोललो, आणि ती भाजी निवडता निवडता म्हणाली, "तेरा वर्षं मी रडले, सोळा सोमवार केले, पायांवर डोकं ठेवलं. तेव्हा नाही ऐकलं. आणि कोण कुठले परके, त्यांचं दोन दिवसांत ऐकलं? मग माझ्या तेरा वर्षांची किंमत काय रे?"

गडकऱ्यांचे 'एकच प्याला' १९१९ मध्ये रंगभूमीवर आले, तेव्हापासून मराठी माणसाने सिंधूसाठी पुष्कळ अश्रू ढाळले. त्या नाटकातही पिणाऱ्यांची एक सभा आहे, तळीरामाचे आर्यमदिरामंडळ. प्रेक्षक त्या प्रवेशांना पोट धरून हसतात. पिणाऱ्यांनीच जमून न पिण्याची सभा भरवावी, हे त्या काळी थट्टेतही कोणाला सुचले नसते. सुधाकराला तारायला रामलालचा उपदेश आहे आणि सिंधूचे पातिव्रत्य आहे. दारूच्या वाटेने जाऊन परत आलेला भगीरथही नाटकात आहे, परंतु सुधाकराला तारण्याचा भार त्याच्यावर नाही. तो पवित्र माणसांवरच आहे. सुधाकर एकदा प्याला टाकतोही, आणि जगाकडून मानहानी होताच पुन्हा उचलतो. सिंधूने आणखी थोडे सोसले असते तर तो सुधारला असता, असे नाटक पाहून उठताना आपल्या बायकांना वाटत असेल, तर ते फार वाईट आहे. कारण तसे वाटणाऱ्या अक्का घरोघर बसल्या आहेत, आणि नवरा प्याला की आपल्या तपात काय कमी पडले हे शोधीत आहेत.

बिल विल्सनच्या पत्नीला, लोइसला, अक्काचाच प्रश्न पडला होता हे वाचून मला नवल वाटले. तिने सोळा-सतरा वर्षे त्याची दारू सोसली, दुकानात नोकरी करून घर चालवले. तो थांबला, आणि रोज सभेला पळू लागला. एके दिवशी त्याने सभेला चलण्याची घाई केली तेव्हा तिने पायातला बूट काढून भिरकावला. आपल्याला इतक्या वर्षांत जे जमले नाही ते परक्यांनी केले, याचा तो राग होता, हे तिने पुढे स्वतःच सांगितले. १९५१ मध्ये तिने पिणाऱ्यांच्या घरच्या माणसांसाठी अल-अनॉन नावाचे निराळे मंडळ काढण्यात पुढाकार घेतला. अक्काला मी ही बुटाची गोष्ट सांगितली. ती खूप हसली. "मी लाटणं मारलं असतं," म्हणाली. पण प्रश्न तिने मागे घेतला नाही.

मी तिला एवढेच म्हणालो की, तुझ्या शब्दामागे तेरा वर्षांचे येणे असते. तू नुसते 'जेवायला चला' म्हणालीस तरी दाजींना त्यात सगळा हिशेब ऐकू येतो. ते येणे खरे आहे, वाजवी आहे, आणि म्हणूनच त्यांना ते पेलत नाही. परक्याचे त्यांच्याकडे काहीच निघत नाही. त्याच्यासमोर त्यांना मान वर करून बसता येते. अक्का म्हणाली, "म्हणजे ज्याचं काही बुडालं नाही, त्याचं ऐकायचं. आणि जिचं सगळं बुडालं तिनं गप्प बसायचं. चांगला न्याय आहे!" मला वाटते, तिचे म्हणणे खरे आहे. हा न्याय नव्हेच. औषध लागू पडते म्हणजे ते न्यायाने पडते असे थोडेच आहे?

सातव्या महिन्यात दाजी घसरले. चार दिवस घरी आले नाहीत. पाचव्या दिवशी सभेतले दोघे जण त्यांना शोधून घेऊन आले, आणि गुरुवारी ते पुन्हा त्या बाकावर जाऊन बसले. तिथे त्यांना कोणी काही विचारले नाही. चहाचा कप पुढे केला आणि दिवस पुन्हा एकपासून मोजायला सांगितले. घरी अक्का त्यांच्याशी तीन आठवडे बोलली नाही. या दोन वागणुकींत थोर कोणती, हे मला कोणी विचारले तर मी सांगणार नाही. सभेला त्या चार रात्री गॅलरीत उभे राहावे लागले नव्हते.

त्यानंतर अक्का स्वतः बायकांच्या सभेला जाऊ लागली. दर बुधवारी जाते. तिथे काय होते ते ती सांगत नाही, दंडक तिथेही तोच. दाजींना गेल्या गुढीपाडव्याला पुन्हा थांबल्याला दोन वर्षे झाली, आणि एप्रिलमध्ये ते नवव्या पायरीवर आले. रविवारी दुपारी जेवणे झाल्यावर त्यांनी अक्काला समोर बसवले आणि वहीतली यादी वाचून दाखवली. अकरा गोष्टी होत्या. मोडलेल्या पाटल्या होत्या, लेकीच्या बारशाचा दिवस होता, माझ्या वडिलांच्या आजारपणासाठी काढून ठेवलेले पैसे होते. वाचताना ते दोनदा थांबले. अक्का शेवटपर्यंत काही बोलली नाही. वाचून झाल्यावर तिने विचारले, "झालं?" ते म्हणाले, "झालं." ती म्हणाली, "बारावी राहिली."

आणि तिने त्यांना एका रात्रीची हकीगत सांगितली. दाजींना त्यातले काहीएक आठवत नव्हते. दारूत अशा रात्रीच्या रात्री पुसून जातात. ती बोलत होती आणि ते लिहून घेत होते. ती रात्र कोणती, हे दोघांनीही मला सांगितलेले नाही.